कोपरे नसलेलं घर

बेळगावजवळच्या आमच्या मच्छे गावात घर म्हणजे आधी छप्पर. वर खानापुरी कौलं आणि मातीच्या भिंतीवर पागोळ्या पडू नयेत म्हणून हातभर पुढे काढलेली वळचण. त्याच मातीला उन्हाशी झुंजताना पाहायचं म्हणून मे महिन्यात कच्छला गेले.

भूजहून खावड्याच्या वाटेवर कर्कवृत्ताची पाटी लागते. पुढे झाडं विरळ होतात आणि बन्नीचा सपाट, खारवट मुलूख पसरतो. होडका गावात उतरले तेव्हा डोळे उन्हानं दिपत होते. वाकून एका गोल घरात शिरले आणि माठापाशी बसावं तसा गारवा लागला. या घराला इथे भुंगा म्हणतात. जाड भिंत दिवसभर ऊन सावकाश पिते. थंडीत रात्री तीच ऊब घराला पुरते. वाळूचा वारा गोल अंगाला वळसा घालून निघून जातो. एक बाई माती आणि लीद मळून भिंतीवर लिंपण घालत होत्या, मधे आरशाचे बारीक तुकडे बसवत होत्या. त्यांची बोटं पाहून आजीचं सारवण आठवलं.

१६ जून १८१९ रोजी इथली जमीन हादरली. सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला आणि रणात लांबच लांब उंचवटा वर आला, तोच अल्लाबंद. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी पुन्हा भूकंप झाला. भूज, अंजार, भचाऊ ढासळले. बन्नीतले बहुतेक भुंगे तगले. हादऱ्यात भिंत आधी कोपऱ्यात फाटते, आणि भुंग्याला कोपराच नाही. डोक्यावर गवताचं हलकं छप्पर.

तिथेच किल्लारीचा भूकंप आठवला. ३० सप्टेंबर १९९३, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं झोपलेल्यांवर कोसळली. जवळपास आठ हजार माणसं गेली. माळवदही उन्हावरचाच उपाय. पण गळती बुजवायला पिढ्यान्‌पिढ्या वर माती चढत गेली आणि खाली दगडांच्या भिंती सैल राहिल्या. घात त्या वजनानं केला, बोल मात्र मातीला लागला.

परतताना आमच्या गावाच्या वेशीवर विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या इमारती दिसल्या. राज्यातले बरेच स्थापत्य अभियंते याच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावर घडतात. त्यांच्या वहीत भुंगा आणि माळवद शेजारी शेजारी असायला हवेत, असं मनापासून वाटलं.

मिरग आठवड्यावर आला होता. घरी पोचले, वळचणीखालची सुटलेली भिंत पाहिली आणि माती भिजत घातली.