पानावरची काळी रेघ

शाळामास्तराचे निम्मे आयुष्य लिहिण्यात जाते आणि उरलेले निम्मे पुसण्यात. खडूच्या काळी हे पुसणे सोपे होते. डस्टरचा एक फटकारा बसला की चक्रवाढ व्याजापासून पानिपतापर्यंत सारे हवेत विरून जाई. पुढे पांढरे फळे आले आणि त्यांच्यामागोमाग मार्कर आले. मार्करच्या जाती दोन. एक पुसला जाणारा, दुसरा न पुसला जाणारा. घाईच्या वेळी कोणाच्या ना कोणाच्या हाती नेमका दुसराच लागतो. त्यावरचा उताराही शाळेतच सापडतो. त्या हट्टी रेघेवरून पुसला जाणारा मार्कर फिरवावा आणि शाई ओली असतानाच फडक्याने टिपावी. काट्याने काटा निघावा तशी शाईने शाई निघते.

एवढ्याशा विद्येवर आमची गल्लीत ख्याती झाली असावी. एके दुपारी शेजारच्या बिऱ्हाडातील आठवीतला मुलगा रडवेला होऊन दारात उभा राहिला. त्याच्या हातात पोकेमॉनची तीन कार्डे होती आणि तिन्हींवर त्याच्या चार वर्षांच्या बहिणीने काळ्या मार्करने आपली चित्रकला केली होती. दोन कार्डे त्याची स्वतःची होती. तिसरे त्याने मित्राकडून दोन दिवसांच्या बोलीवर पाहायला आणले होते, आणि परत करण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. "काका, हे तिसरे काहीही करून निघाले पाहिजे," एवढेच तो म्हणाला.

वडीलधाऱ्या वाचकांसाठी थोडा खुलासा करायला हवा. हा पत्त्यांचा खेळ १९९६ साली जपानात निघाला आणि १९९९ मध्ये इंग्रजीत आला. मुले ही पाने खेळतात कमी, जमवतात आणि अदलाबदल करतात अधिक. हा नाद मात्र नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटचे नाजूक पाकीट चेपू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत; त्यावर चित्रे छापू लागले आणि लोक ती जमवू लागले. मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. आमच्या पाहुण्याची तीन पाने मिळून शेदोनशे रुपयांचीही नसतील. पण मित्राची वस्तू बिघडली, या दुःखाला बाजारभाव नसतो.

आम्ही मराठीचे मास्तर. रसायनाची बाब आली तेव्हा शाळेतील विज्ञानशिक्षकांना घरी बोलावले. त्यांनी आधी पानाची रचना समजावून दिली. ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच असे हे पान एका कागदाचे नसते. दोन कागदांच्या मध्ये एक गडद थर असतो, म्हणजे उजेडात धरले तरी पलीकडचे दिसत नाही. छपाईवर पारदर्शक लेप असतो. मार्करच्या शाईत रंग, राळ आणि अल्कोहोल असते. अल्कोहोल उडून जाते आणि राळ रंगाला पृष्ठभागावर चिकटवून ठेवते. शाई लेपाच्या वर बसली असेल तर अल्कोहोलने ती पुन्हा सुटते. लेप नसलेल्या कागदात मात्र ती तंतूंमध्ये शिरते, आणि तेथून तिला परत बोलावणे कठीण.

आम्हांस त्या वेळी सावंतवाडीच्या गंजिफा आठवल्या. त्यांच्यावरही लेपच असतो, परंतु तो लाखेचा. आणि लाख तर स्पिरिटात विरघळते. म्हणजे जे एका पानाचे औषध तेच दुसऱ्याचे विष. कोणताही डाग काढण्यापूर्वी डाग कशावर पडला आहे, हे आधी विचारावे, हा धडा येथे पक्का झाला.

करोनाच्या काळातील सॅनिटायझरची बाटली घरात होतीच, पण गुरुजींनी मान हलवली. त्यात पाणी व ग्लिसरीन असते; पाण्याने कागद फुगतो, ग्लिसरीनचा चिकटपणा मागे राहतो. नखांचा रंग काढण्याचे द्रावण तर त्यांनी दूर ठेवायला लावले, कारण त्यातील अ‍ॅसिटोन शाईबरोबर लेप आणि छपाईही उचलून नेते. खोडरबराने लकाकी जाते. अखेर मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले. ते लोक त्याला ‘आयपीए’ म्हणतात.

खिडक्या उघडल्या, देवापुढचे निरांजन शांत होईपर्यंत थांबलो, कारण हा द्रव पेट घेतो. प्रथम एका फाटक्या, निरुपयोगी पानाच्या कोपऱ्यावर परीक्षा घेतली. मग कापसाची काडी नुसती ओलसर केली, निथळती नव्हे. ती घासायची नाही, शाईवरून लाटण्यासारखी फिरवायची. रेघेच्या बाहेरून आत यायचे, म्हणजे काळिमा पसरत नाही. प्रत्येक वेळी काडी नवी घ्यायची, लगेच कोरड्या मऊ कापडाने टिपायचे आणि पान वाळू द्यायचे. मुलाची दोन पाने अर्ध्या तासात स्वच्छ झाली. चमकीचे होते त्यावर गुरुजींनी विशेष हलका हात ठेवला.

तिसऱ्याने मात्र परीक्षा पाहिली. समोरची रेघ निघाली, पण बहिणाबाईंचा मार्कर पानाच्या कडेवरून खाली उतरला होता. कापलेल्या कडेला लेप नसतो; शाई आतल्या कागदात मुरली होती. नखाएवढी काळी खूण तशीच राहिली.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "काका, कडेला थोडा पांढरा रंग लावला तर त्याला कळणारही नाही."

प्रश्न रसायनाचा होता तोवर आम्ही श्रोते होतो. आता तो आमच्या प्रांतात आला. आम्ही त्याला सांगितले, की जुन्या कार्डांना दर्जा ठरवून देणाऱ्या संस्था असतात. १९९१ साली अमेरिकेत निघालेली पीएसए ही त्यांतली एक. कडा कापलेली, रंग भरलेली पाने आढळली तर ती त्यांना क्रमांक देत नाही. रसायनाने पुसलेले पानसुद्धा कित्येक संग्राहक निर्दोष मानीत नाहीत. म्हणून जाणते लोक पान देताना त्यावर काय काय केले ते आधी सांगतात. शाई काढणे ही सफाई. उरलेली शाई रंगाखाली लपवणे ही लबाडी. आणि मित्राला कळणार नाही हे खरे मानले, तरी आपल्याला कळलेले असते, त्याचे काय करायचे?

तो उठला. संध्याकाळी ते पान आणि स्वतःची सगळी वही घेऊन मित्राकडे गेला, झाले ते सांगितले, आणि वहीतले हवे ते पान घे म्हणाला. मित्राने संकोच केला नाही. अर्धा तास वही चाळून त्याने त्यातले सर्वांत उत्तम पान निवडले. मुलाने ते दिले. घरी आल्यावर तो आईजवळ थोडा रडला, असे आम्हांस मागाहून समजले.

दुसऱ्या दिवशी दोघेही गल्लीत पुन्हा एकत्र खेळत होते. काळ्या कडेचे पान आता आमच्या शेजाऱ्याच्या वहीत पहिल्या जागी आहे आणि मार्कर कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर. धाकट्या बहिणीला आम्ही पाटी आणि खडूची पेटी भेट दिली आहे. तिची चित्रकला जोरात चालू आहे, आणि पुसायला ओला हात पुरतो.