रोज पाणी घालणे

माझे अक्षर चांगले आहे, ही गोष्ट मी स्वतः सांगू नये. पण पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ तेच असल्यामुळे सांगणे भाग आहे. आमच्या कॉलेजात कसलीही सूचना भिंतीवर लावायची झाली की ती लिहायला माझ्याकडे येते. 'पंखे बंद करणे', 'कपबशा विसळून ठेवणे', 'येथे थुंकू नये' ही सगळी माझीच साहित्यसंपदा. माझा एक कवितासंग्रहही आहे, पण त्याला इतके वाचक लाभले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात, प्राध्यापकांच्या खोलीत कुंड्या ठेवायच्या असे ठरले. कल्पना इंग्रजीच्या बाईंची. खोलीतली झाडे हवेतले विष शोषून घेतात, असे अमेरिकेच्या 'नासा'ने सिद्ध केले आहे म्हणे. आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी पुढे या शोधातली हवाच काढून घेतली. वूल्व्हर्टन यांचा तो १९८९चा प्रयोग छोट्याशा बंद पेटीत झाला होता. खऱ्याखुऱ्या खोलीत, खिडक्यादारांतून येणाऱ्या वाऱ्याइतके काम झाडांकडून करून घ्यायचे तर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील, असा हिशेब २०१९ साली दुसऱ्या दोन अमेरिकन संशोधकांनी मांडला. म्हणजे प्राध्यापकांना बाहेर उभे राहावे लागले असते! पण तोवर शंभर शंभर रुपये वर्गणी जमली होती, आणि एकदा जमलेली वर्गणी परत करण्याची रीत आपल्याकडे नाही.

खरेदीला आम्ही पाच जण गेलो, ते लग्नाचा बस्ता बांधायला गेल्यासारखे. हा रंग बरा की तो? हे पान भरजरी की ते? खोलीत उजेड किती, हा प्रश्न पाच एम्.ए., एम्.एस्सी. माणसांपैकी एकालाही सुचला नाही. तांबडा-पिवळा क्रोटन घेतला, दोन एरिका पाम घेतले, पांढऱ्या ठिपक्यांचा डिफेनबाखिया घेतला, एक मनीप्लांट आणि एक रबराचे झाड घेतले. आमच्या खोलीला एक खिडकी उत्तरेला आणि एक पश्चिमेला. पावसाळ्यात भर दुपारी दिवे लावावे लागतात. क्रोटनचा तांबडा रंग म्हणजे उन्हाची कमाई. अंधारात तो बिचारा महिन्याभरात हिरवट पडला. जमाखर्चाचे प्राध्यापक म्हणाले, "रंग पक्का नव्हता. दुकानदाराने फसवलं."

कुंड्या आल्या त्याच दिवशी मी कार्डावर टपोऱ्या अक्षरांत लिहिले : 'कुंड्यांना रोज पाणी घालणे.' आणि ते भिंतीवर लावले. आमच्या शिपायांना सारे कॉलेज 'मामा' म्हणते. त्यांनी कार्ड वाचले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "रोज?"

मी म्हणालो, "रोज."

पोळ्याच्या सुमाराला एका पामची पाने पिवळी पडून माना टाकू लागली. डिफेनबाखिया बुंध्याशी मऊ होऊन आडवाच झाला. झाड मान टाकते ते तहानेने, ही माझी समजूत. तिला आधार काय, तर कविता. मधल्या सुट्टीत, दहा-बारा जण चहा पीत असताना, मी मामांना म्हणालो, "मामा, लेखी देऊनसुद्धा पाणी घालत नाही तुम्ही? झाडं मुकी आहेत म्हणून चालतं, होय ना?" कुणीतरी हसले. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले आणि ते गेले. दुसऱ्या दिवसापासून ते एकाऐवजी दोन मग पाणी घालू लागले.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सहापैकी चार कुंड्या कामास आल्या. मेलेला पाम टाकून द्यावा म्हणून मी कुंडी उपडी केली, तर नाक धरावे लागले. आत आपली नागपूरची काळी माती होती. कपाशीला ती सोन्यासारखी, पण कुंडीत ओली झाली की फुगून चिकट गोळा होते, आणि वाळली की भेगा पडून घातलेले पाणी कडेकडेने पळून जाते. मुळे काळी, बुळबुळीत झाली होती. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या जागेत हवा असते ती त्यांची. तिथे सतत पाणी भरून राहिले की मुळे गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून पाण्यात बुडालेले झाड हुबेहूब तहानलेल्या झाडासारखे दिसते. त्यात आम्हा बारा जणांची भर होतीच. घरी जाताना बाटलीतले उरलेले पाणी जो तो पुण्यकर्म म्हणून कुंडीत ओतत असे. एका कुंडीतून तर चहाची पत्ती निघाली.

मामा व्हरांड्यात माठांच्या ओट्याशी बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो.

"मामा, तुम्ही रोज पाणी घालत होतात?"

"हो जी. एक दिवस नागा नाही."

"मुळं कुजतील हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं ना, सर. आमचा जन्म संत्र्यात गेला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी लिवून देलं होतं ना जी. मी इचारलंबी होतं, रोज? तुमी म्हनले, रोज."

मामांचे गाव काटोलकडचे, भावाची तिथे संत्र्याची बाग आहे. संत्र्याला ताण देतात, हा शब्द मी नागपुरात जन्म काढूनही केवळ ऐकला होता. तो काय असतो हे त्या ओट्यावर समजले. मृगबहार धरायचा तर ऐन उन्हाळ्यात, आंबेबहार धरायचा तर थंडीत, बागेचे पाणी तोडायचे. पाने मलूल होतात, काही गळतात. पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो. मग पाणी सोडले की झाड फुलावर येते. "पानी द्याले कोनालेबी येते सर," मामा म्हणाले. "हात आवरनं कठीन."

मग कुंड्यांचे काय करायचे, असे मी विचारले. त्यांनी तर्जनी पुढे केली. बोट दोन पेरे मातीत घालायचे. ओले लागले तर परत फिरायचे, कोरडे लागले तर खालच्या भोकातून निथळेपर्यंत घालायचे, आणि ताटलीत साचलेले ओतून टाकायचे. एवढेच शास्त्र.

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पोळ्याच्या वेळी मी मामांना बोललो, ती चूक माझी होती."

"काय बोलला होतात?" इंग्रजीच्या बाईंनी विचारले.

कुणालाच आठवत नव्हते. ते पुन्हा सगळे सांगावे लागले, आणि सांगताना ते पहिल्यापेक्षा वाईट ऐकू येत होते. मामा कप गोळा करीत होते. "चालते जी," एवढेच म्हणाले. त्यांना मात्र आठवत होते.

दुसऱ्या खेपेची खरेदी मामांच्या सल्ल्याने झाली. आधी त्यांनी खोलीत फिरून उजेड पाहिला. अंधाऱ्या कोपऱ्याला झेडझेड प्लांट : हा पूर्व आफ्रिकेकडचा, जमिनीखालच्या गड्ड्यात पाणी साठवणारा, महिनाभर विसरलात तरी तक्रार न करणारा. कपाटाजवळ सापाच्या कातडीसारख्या पट्ट्यांचा स्नेक प्लांट. उत्तरेच्या खिडकीत, वाचलेल्या दोघांना, मनीप्लांटला आणि रबराला जागा मिळाली. पश्चिमेची खिडकी मोकळी ठेवली, कारण मार्चनंतर तिथे माणूसही टिकत नाही. मातीत निम्मी कन्हानची रेती (पुण्याच्या वाचकांनी वाळू म्हणावे) आणि शेणखत. पाने आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसायची. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पानांवर खडूची भुकटी बसते, आणि तिच्याखाली त्यांना उजेड कमी मिळतो.

यातली बरीच मंडळी अळूच्या गोत्रातली आहेत, हेही मला तेव्हाच समजले. मनीप्लांट, डिफेनबाखिया, झेडझेड, सगळी आपल्या धोप्याची भावंडे. कच्चे अळू घशाला का खाजते? पानातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच यांच्यातही असतात. तेव्हा घरी रांगते मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवावी. आमच्याकडे ही भीती नव्हती, पण हिने मला बजावलेच, "तुमच्या त्या खोलीत डबा खाताना हात धुवा."

खरा प्रश्न उन्हाळ्याचा. कूलर सुरू झाला की खसचा ओला वारा झाडांना मानवतो. फक्त झोत थेट पानांवर नको. पण मे महिन्यात कॉलेजला सुट्टी, खोलीला कुलूप, आणि बाहेर ४५ अंश! मामांनी सगळ्या कुंड्या उत्तरेच्या व्हरांड्यात, माठांच्या ओट्याशी, एकमेकींना खेटून ठेवल्या. जवळजवळ ठेवल्या की त्या एकमेकींचा ओलावा राखतात. "सुट्टीत पाहणार कोण?" मी विचारले. "मी हाओ ना," ते म्हणाले. शिपायांना उन्हाळ्याची सुट्टी नसते, हे वीस वर्षे नोकरी केल्यावर माझ्या ध्यानात आले.

जूनमध्ये खोली उघडली तेव्हा रबराच्या शेंड्याला तांबड्या वेष्टणातले नवे पान गुंडाळलेले होते. हे झाड आसाम-मेघालयाकडचे. मेघालयात त्याच्या जिवंत मुळांचे पूल करतात, त्यावरून माणसे ओढे ओलांडतात. आमच्याकडे ते दहा इंची कुंडीत वर्षाला चार-सहा पाने काढते आणि आम्ही ती मोजतो.

यंदाच्या जुलैत मामा निवृत्त झाले. निरोपाचे मानपत्र अर्थातच मी लिहिले. समारंभ आटोपून खोलीत आलो, तेव्हा भिंतीवरच्या माझ्या कार्डाकडे लक्ष गेले. 'रोज पाणी घालणे' यावर निळ्या शाईची आडवी रेघ होती आणि खाली, वळणदार नसलेल्या अक्षरांत, लिहिले होते : 'बोट घालुन पाहने.'

ऱ्हस्व-दीर्घाची एक आणि 'ण'ची एक, अशा दोन चुका. लाल पेन खिशातच होते. कार्ड अजून तसेच आहे.