विचार करणारं द्रावण

मेंदू नाही, तारा नाहीत, तरी एखादं द्रावण भूलभुलैयातून सर्वांत जवळची वाट शोधेल का? हो, शोधतं!

1951 च्या सुमारास बोरिस बेलोसोव्ह या सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञाला एका द्रावणाचा रंग पिवळा, रंगहीन, पुन्हा पिवळा असा आपोआप बदलताना दिसला. त्याचा लेख परत आला. कारण काय, तर 'असं होणं शक्यच नाही'. पुढे झाबोटिन्स्की या तरुण संशोधकाने 1961 पासून त्यावर नेटाने काम केलं, तेव्हा जगाला पटलं. 1980 मध्ये या कामाला लेनिन पुरस्कार मिळाला, पण बेलोसोव्ह 1970 मध्येच वारला होता.

हे द्रावण थाळीत पातळ पसरलं की लाल पृष्ठभागावर निळ्या लाटा सरकतात. डोंगरावरचा वणवा आठवा. पेटलेलं गवत शेजारचं पेटवतं, जळालेलं लगेच पुन्हा पेटत नाही, आणि दोन वणवे समोरासमोर आले की दोन्ही विझतात. इथेही तसंच. फरक एवढाच, की हे 'गवत' थोड्या वेळात पुन्हा तयार होतं.

आता गंमत बघा. लाट सगळ्या वाटांनी एकाच वेळी निघते. मुक्कामी जी आधी पोचते, ती जवळच्या वाटेने आलेली. 1995 मध्ये शोवॉल्टर आणि सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. त्याआधी 1989 मध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या द्रावणावर चित्राचा प्रकाश टाकून त्याच्या कडा उठावदार करता आल्या. म्हणजे द्रावणाने 'पाहिलं' आणि त्यावर काम केलं!

यातली रसायनं घरी वापरण्याजोगी नाहीत. त्याऐवजी वर्गात खेळ घ्या. मुलांना एका रांगेत बसवा. शेजारचा उठला की आपण उठायचं, बसायचं, मग तीन मोजेपर्यंत उठायचं नाही. लाट दोन्ही टोकांकडून सोडा. मध्ये काय होईल, ते आधी मुलांनाच विचारा.

आणि प्रयोगवहीत एखाद्याने 'रंग परत आला' असं लिहिलं, तर त्यावर लगेच लाल फुली मारू नका. 'पुन्हा करून दाखव बरं' एवढंच म्हणा. बेलोसोव्हला तेवढंच हवं होतं.