एसीचा कपॅसिटर बदलताना

वरणगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर चढतो. अशा तापात, इन्व्हर्टर नसलेल्या एसीच्या बाहेरच्या युनिटमधला कपॅसिटर कमजोर पडतो. मग कॉम्प्रेसर नुसता घुमतो, सुरू होत नाही; घरात हवा येते, गारवा येत नाही.

दुरुस्ती लहान, पण धोका मोठा. एमसीबी बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठलेला असतो. तो 20 किलोओहमच्या रेझिस्टरमधून, टर्मिनलला हात न लावता उतरवावा; मल्टिमीटरवर शून्य व्होल्ट दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. तारांचा फोटो काढून मगच त्या सोडवाव्यात. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचा घ्यावा. तारा पूर्वीच्याच जागी जोडाव्यात. मल्टिमीटर वापरता येत नसेल, तर काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे.