विषय काय?

संशोधनाचा पहिला अर्ज लिहिताना मुलं स्वतःविषयीच फार लिहितात. नीटचे गुण, बारावीची टक्केवारी, लहानपणापासूनची आवड. रायगड जिल्ह्यातल्या खांब गावी आमच्या ओटीवर बसून भाचीने केलेला मसुदाही त्याच वळणाचा होता. ती एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) १९७९पासून विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या प्रकल्पासाठी शिष्यवृत्ती देते. पण आधी कॉलेजातले कुणीतरी गाइड व्हायला तयार हवेत. "मामा, सगळे विचारतात, विषय काय? विषय सरच देतात ना?"

मी डॉक्टर नाही, पण आमच्या गावावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा हायवेने खाली महाडकडे गेलं की बिरवाडी लागते आणि तिथली एक गोष्ट मला ठाऊक होती; तीच तिला सांगितली. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली हिंमतराव बावस्कर रुजू झाले. जालन्याकडचा, नागपूरहून एमबीबीएस झालेला पोरसवदा डॉक्टर. कोकणातला लाल विंचू डसला की धडधाकट माणूस घामाने निथळायचा, उलट्या व्हायच्या, हातपाय गार पडायचे आणि पुढे फुप्फुसांत पाणी भरून तो दगावायचा. ठोस इलाज कुठल्या पुस्तकात नव्हता. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवत राहिले. १९८२ साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं. त्यावर रक्तदाबाची प्रॅझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली. गंभीर रुग्णांत चारातला एखादा जायचा, ते प्रमाण शेकडा एकाच्या घरात आलं. पद्मश्री मिळायला मात्र २०२२ उजाडलं.

ही गोष्ट सांगून 'बघा, काही नसताना केलं' असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. मला तो पटत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने रुग्णावर औषध आजमावायचं नसतं. गाइड हवा, एथिक्स कमिटीची मंजुरी हवी. शिवाय एकट्याने रात्री जागवाव्या लागणं ही व्यवस्थेची लाज आहे, तिचं कौतुक कसलं? घ्यायची ती एवढीच गोष्ट की बावस्करांना विषय कुणी दिला नव्हता. तो रोज रात्री दवाखान्यात येऊन पडत होता.

भाचीने अर्ज फाडला नाही, पण आवडीचा परिच्छेद काढला. त्या जागी लिहिलं: भातकापणीच्या दिवसांत साप-विंचू चावल्यावर आमच्याकडचे लोक आधी कुठे जातात, मांत्रिकाकडे की दवाखान्यात, आणि त्यात किती वेळ मोडतो? कॉलेजातल्या एका मॅडमनी तिला बोलावून घेतलं, चांगलं तासभर उलटतपासणी केली आणि होकार दिला.

आता प्रश्नावली तयार होते आहे. 'डंखानंतर किती मिनिटांनी दवाखान्यात पोहोचलात?' हा प्रश्न तिने शेजारच्या वाड्यातल्या एका आजीला चाचणी म्हणून विचारला. आजी म्हणाली, "मिनटं कोन मोजतंय गो? भारे रचून झाले, मग पोराने रिक्षा आणली." असं उत्तर फॉर्मातल्या कुठल्या रकान्यात बसवायचं, यावर सध्या मॅडम आणि ती डोकं खाजवताहेत.