कॅम्पस, १९१० स्टाइल

ऑफिसच्या कॅम्पसमध्ये जिम, कँटीन आणि घरापर्यंत बस मिळाली की आपण खूश! पण कंपनीनं अख्खं गावच वसवलं तर? ही आयडिया किती जुनी आहे ते बघायचं असेल, तर एखाद्या वीकेंडला महाबळेश्वर सोडा आणि पुणे-मिरज लाइनची गाडी पकडा.

कराड स्टेशनला उतरलात की खरं तर तुम्ही ओगलेवाडीत असता. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी सुरू केलेला काच कारखाना इथलाच, घरोघरी लटकणारा 'प्रभाकर' कंदीलही इथलाच. कंदिलाचा उजेड सगळ्यांना आठवतो. भट्टीच्या धगीसमोर घाम गाळणारे कामगार कुणाला फारसे आठवत नाहीत. कारखाना केव्हाच बंद पडला, नाव तेवढं उरलंय.

पुढचा स्टॉप किर्लोस्करवाडी. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला, वर १० हजार रुपये बिनव्याजी. माळावर होतं काय? निवडुंग आणि साप! तिथे लोखंडी नांगरांच्या कारखान्यासोबत कामगारांची घरंही उभी राहिली. शिवाशिव पाळायची नाही, हा नियम. शिक्षा भोगून आलेल्यांना तर लक्ष्मणरावांनी चक्क पहाऱ्यावर नेमलं.

यात एवढं काय? त्याच काळात याच भागातली पोरं मुंबईच्या गिरण्यांत राबत होती. १९११ च्या कायद्यानं त्यांचा दिवस 'कमी' होऊन १२ तासांचा झाला! राहायला चाळीतली गच्च भरलेली खोली, झोपायला व्हरांडा, जेवायला खानावळ. बायको-पोरं गावाकडेच. रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडेंना १८९० मध्ये भांडून मिळवावी लागली होती. वाडीतला कामगार मात्र भोंगा झाला की आपल्या माणसांत परतायचा.

तरी मी पूर्ण भारावले नाही. नोकरी, घर, शेजार सगळं एकाच मालकाच्या हाती. मालक भला असेल तोवर ठीक. पुढे काय होतं, ते ओगलेवाडी सांगते. कारखाना बंद पडला की नुसता पगार जात नाही, गावाचा कणाच मोडतो. किर्लोस्करवाडीत अजून पंप बनतात, म्हणून ती वाडी नांदतेय.

जाताय? कारखाना बघायचा तर आधी परवानगी काढा. वेळ उरला तर जवळच सागरेश्वरची हरणं आहेत आणि यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रेही.