डिस्कची नई तालीम

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेला विचार झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रमात उतरवला. हाताने काम करावे आणि त्या कामातूनच गणित, विज्ञान उमजावे, हा नई तालीमचा गाभा. संगणकाच्या शिक्षणाला आज याच विचाराची सर्वाधिक गरज आहे, असे माझे मत आहे. विदर्भातली कितीतरी मुले नागपूरच्या यशवंत कानेटकरांची पुस्तके वाचत, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर सी भाषा शिकली. डॉसवर चालणाऱ्या त्या टर्बो सीमध्ये बायोसडिस्क नावाचे एक फंक्शन होते. ड्राइव्ह, हेड, ट्रॅक आणि सेक्टर सांगितला की डिस्कवरचे बाइट जसेच्या तसे मेमरीत येत.

1.44 एमबीच्या फ्लॉपीला दोन बाजू, प्रत्येक बाजूला 80 ट्रॅक, ट्रॅकमागे 18 सेक्टर आणि सेक्टरमध्ये 512 बाइट. ट्रॅक 0, हेड 1, सेक्टर 2 वाचला की फायलींची यादी सुरू होते; एकेक नोंद 32 बाइटची. फाइल डिलीट केली, की नोंदीतल्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी 229 हा आकडा बसतो आणि तिने व्यापलेली जागा मोकळी असल्याची नोंद होते. मजकूर मात्र दुसरी फाइल तिथे लिहिली जाईपर्यंत तसाच राहतो. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि स्वतःच्या प्रोग्रामने पाहणे वेगळे.

यावर आक्षेप येतो, की डिस्कवर थेट वाचण्या-लिहिण्याची ही मोकळीक घातक होती. ते खरेच आहे. ड्राइव्हचा क्रमांक 0 ऐवजी 128 दिला, तर लिहिण्याची आज्ञा थेट हार्ड डिस्कवर चाले. 1986 चा ब्रेन व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच घर करून बसला. विंडोज एनटीने ही वाट अडवली, ते योग्यच झाले. दुसरा आक्षेप असा, की एसएसडीमध्ये सेक्टरचा क्रमांक म्हणजे प्रत्यक्ष जागा नव्हे, मग हे जुने ज्ञान कशाला? पण सिस्टिमने ‘डिलीट झाले’ म्हटले म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न जुना होत नाही. जुना पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

शिवाय हे शिकायला आज कुठलीही डिस्क पणाला लावावी लागत नाही. फ्लॉपीची इमेज फाइल, म्हणजे तिच्यावरच्या सगळ्या बाइटची हुबेहूब प्रत, सीमधून उघडावी, 9728 व्या बाइटवर जावे आणि 512 बाइट वाचावेत. तीच यादी समोर येते. वर्धा, सेवाग्राम, हिंगणघाटच्या प्राध्यापकांनी एवढे एक प्रात्यक्षिक प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घ्यावे.